रुळेपर्यंत: लेकीच्या किटाचे पहिले दोन महिने

गुडघ्याएवढीही उंची नसलेल्या एका लाकडी खुर्चीवर मी भिंतीला टेकून बसले होते. मला सांगितलेलं काम एकच होतं: काहीही करायचं नाही. लेकीला खेळायला पाठवायचं नाही, तिच्याबरोबर खेळायचं नाही, ‘जा ना, ते बघ किती छान आहे’ असं म्हणायचं नाही. मोबाइल बघायचा नाही, पुस्तक वाचायचं नाही. ती आली तर मांडीवर घ्यायचं, गेली तर जाऊ द्यायचं. असा एक तास. १३ सप्टेंबर २०२३, बुधवार. स्टुटगार्टमध्ये येऊन आम्हाला सात महिने झाले होते आणि आमच्या चिऊचा तो किटातला पहिला दिवस होता.

किटा म्हणजे आपल्याकडची बालवाडी आणि पाळणाघर एकत्र. १ ऑगस्ट २०१३पासून जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशा ठिकाणी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. हक्क असला तरी जागा मिळायला आमचे सात महिने गेले. फेब्रुवारीत आलो, दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवला, लगेच अर्ज भरला आणि वाट बघत राहिलो. नवीन मुलं मुख्यतः सप्टेंबरमध्ये घेतात, कारण मोठी मुलं तेव्हा शाळेत जातात आणि जागा रिकाम्या होतात. मधल्या काळात चिऊ आणि मी दिवसभर घरात, नाहीतर बागेत. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या की ‘ग्र्यूस गॉट’ म्हणायच्या, आम्हीही म्हणायचो. तेवढंच काय ते बोलणं.

चिऊ जुलै २०२०ची, म्हणजे लॉकडाउनमधलं बाळ. पुण्यात पहिली दीड-दोन वर्षं तिनं आई, बाबा, आजी यांच्यापलीकडे माणूस फारसा पाहिलाच नाही. बाकीची माणसं तिच्या लेखी मोबाइलच्या पडद्यावर राहायची. मग इथे आलो आणि आजीसुद्धा पडद्यावर गेली. त्यामुळे हिला परक्या माणसांत, परक्या भाषेत ठेवायचं या विचारानंच माझ्या पोटात गोळा यायचा.

प्रवेशाच्या कागदांत सगळ्यात जास्त धावपळ लसींच्या पुराव्याची झाली. मार्च २०२०पासून गोवराच्या लसीचा पुरावा असल्याशिवाय इथे किटात घेत नाहीत, आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस लागतात. चिऊला नवव्या आणि पंधराव्या महिन्यात डोस झाले होते, पण आमच्याकडे होती ती पुण्याच्या दवाखान्याची फाइल, त्यात चिकटवलेले लसींच्या बाटल्यांचे स्टिकर आणि डॉक्टरांची सही. बऱ्याच दवाखान्यांनी नवीन मुलं घेणं बंद केलंय असं सांगितलं. शेवटी एका डॉक्टरबाईंनी घेतलं. त्यांनी एकेक स्टिकर भिंगातून पाहून सगळं इथल्या पिवळ्या लसपुस्तिकेत उतरवलं. त्यांच्या मदतनीस मुलीनं चिऊच्या डाव्या दंडावरचा गोल व्रण पाहून विचारलं, ‘भाजलंय का?’ बीसीजीचा व्रण होता तो. जर्मनीत १९९८पासून ती लस सरसकट देत नाहीत, त्यामुळे त्या विशीतल्या मुलीनं तो कधी पाहिलाच नव्हता. माझ्या दंडावर आहे, आईच्या दंडावर आहे, आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाच्या दंडावर आहे. मी बाही वर करून तिला माझा दाखवला.

मग किटातून सामानाची यादी आली. घरात घालायच्या चपला, गमबूट, चिखलात खेळायची रबरी पँट, कपड्यांचा जादा जोड, भिंतीवर लावायला घरच्यांचा एक फोटो. आणि शेवटची ओळ अशी: मुलाच्या तोंडात असलेले घरच्या भाषेतले दहा-बारा शब्द आणि त्यांचे अर्थ लिहून द्या.

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. शब्द आपण शिकायचे, आपल्या मुलीनं शिकायचे, एवढंच मी धरून चालले होते. त्यांनाही आमचे शब्द हवे असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. रात्री बसून यादी केली: पाणी, भूक, शू, शी, झोप, दुखतंय, कडेवर, नको, आई, बाबा, आजी. आपण इंग्रजीत मेसेज टाइप करतो तशा रोमन अक्षरांत लिहिली आणि पुढे अर्थ.

मुलांना रुळवण्याच्या या काळाला इथे ‘आइनगेव्योनुंग’ म्हणतात. त्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. आमच्या किटात वापरत होते ती १९८०च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झालेली पद्धत. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर खोलीत. या तीन दिवसांत मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन बाहेर जायचं, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. मूल रडलं आणि तिथल्या बाईंकडून लवकर शांत झालं नाही तर आई परत आत. त्या दिवशी मूल कसं वागतं त्यावरून पुढचे आठवडे ठरतात. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर पहिला निरोप मंगळवारवर ढकलायचा, कारण शनिवार-रविवार घरी राहून मूल पुन्हा थोडं मागे गेलेलं असतं. हा सोमवारचा नियम ऐकल्यावर मला त्या पद्धतीबद्दल आदर वाटायला लागला. कुणीतरी बसून, मुलांकडे नीट पाहून हे ठरवलेलं होतं.

इथे मुलं शिक्षिकेला थेट नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना. घरी बोलताना मी ‘तुझ्या बाई’ म्हणायचे, म्हणून चिऊही त्यांना ‘बाई’ म्हणायला लागली. पहिले दोन दिवस त्यांना वाटलं ती ‘बाय’ म्हणतेय, आणि त्या दर वेळी हात हलवायच्या.

पहिल्या दिवशी चिऊ माझ्या मांडीवरून उतरली नाही. खोलीत अठरा-वीस मुलं, ठोकळे, दंगा. माझ्या कुडत्याचा काठ मुठीत धरून ती बघत बसली. दुसऱ्या दिवशी उतरली, पण एक हात माझ्या गुडघ्यावर. बाई तिच्याकडे आल्याच नाहीत. थोड्या अंतरावर जमिनीवर बसून त्या लाकडी भाज्या कापायचा खेळ एकट्याच खेळत होत्या. मधे वेलक्रो असलेलं गाजर, लाकडी सुरीनं कापलं की ‘टक’ असा आवाज. टक. टक. वीस मिनिटं त्या तेच करत होत्या. चिऊनं माझा गुडघा सोडला आणि तीन पावलं पुढे गेली. बाईंनी वर न बघता दुसरी सुरी तिच्या बाजूला सरकवली. मला इतकं भरून आलं की काय सांगू. मी सात महिने या देशात होते आणि माझ्याकडे असं कुणी हळूच काही सरकवलं नव्हतं.

शुक्रवारी यादीची गंमत कळली. चिऊला झोप आली होती, बाईंनी भिंतीवरची यादी पाहिली आणि तिला विचारलं, ‘त्सोप?’ चिऊ बघतच राहिली. मग ती हात वर करून उभी राहिली तेव्हा बाईंनी विचारलं, ‘कडेफर?’ मी उठून यादीपाशी गेले. जर्मन लोक झेडचा उच्चार ‘त्स’ करतात आणि व्हीचा बऱ्याचदा ‘फ’. आमचा झ त्यांना ऐकू यायला हवा असेल तर एस लिहायला हवा, व हवा असेल तर डब्ल्यू. बाईंनी पेन्सिल दिली. त्या छोट्या टेबलाशी बसून आम्ही दोघींनी अकरा शब्द नव्यानं लिहिले. मी म्हणायचे, त्या म्हणायच्या, मग लिहायच्या. ‘नको’ मात्र पहिल्यापासून बरोबर होता. तोच सगळ्यात जास्त वापरला गेला.

सोमवारी निरोप नाही. मंगळवारी, म्हणजे १९ सप्टेंबरला, पहिला निरोप. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. हस्तकलेच्या दुकानातून आणलेल्या मातीचा गणपती रविवारी चिऊनं आणि बाबानं मिळून केला होता. सोंड जरा जाड झाली होती. सकाळी साडेसहाला आरती केली, आशियाई दुकानातल्या तांदळाच्या पिठीचे आणि फ्रोझन खोबऱ्याचे मोदक दाखवले, आणि आठ वाजता आम्ही स्टाटबानमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये होतो.

निरोपाचा नियम असा: सटकायचं नाही. मूल खेळात रमलंय असं बघून पाठीमागून निघून जायचं नाही. तिच्यासमोर बसायचं, डोळ्यांत बघून सांगायचं आणि जायचं. रडली तरी जायचं. मला हे फार जड गेलं. आमच्याकडे बालवाडीच्या दारात आया नेमकं उलटं करतात. कुणीतरी ‘ती बघ चिऊताई’ म्हणतं, पोर वर बघतं आणि आई दाराआड होते. माझ्या बाबतीत कराडला असंच झालं होतं. मला त्यातलं बाकी काही आठवत नाही, वर बघून खाली बघितल्यावरचं रिकामं दार तेवढं आठवतं.

मी चिऊसमोर बसले आणि म्हणाले, ‘चिऊ, आई येते हं.’

बाईंनी नंतर विचारलं, तू तिला काय सांगितलंस? मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की ‘मी येते’ असं म्हणाले. त्या गोंधळल्या. पण तू तर जात होतीस ना? मग मला समजावून सांगावं लागलं की आमच्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जाते’ म्हटलं तर आई अजूनही रागावते. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मग तेच म्हणत जा, मुलीला तेवढंच माहीत असायला हवंय.

बाहेर पालकांसाठी एक लहान खोली होती, कॉफीचा थर्मास आणि भिंतीवर घड्याळ. दार बंद झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला चिऊचं रडणं सुरू झालं. मला तिचं रडणं ओळखता येतं, पडल्याचं वेगळं, भुकेचं वेगळं. हे मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. सहाव्या मिनिटाला मला आत बोलावलं. ती धावत आली नाही. बाईंच्या कडेवर होती, तिथूनच हात पुढे केले. त्या दिवशी ठरलं की आमचा रुळवण्याचा काळ लांबेल. बाई म्हणाल्या, काही मुलांना एक आठवडा पुरतो, काहींना तीन, काहींना त्याहून जास्त, आणि यात चांगलं-वाईट काही नसतं.

आईला फोन केला. उन्हाळ्यात आपल्या आणि इथल्या वेळेत साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणजे तिची दुपारची वामकुक्षी व्हायची होती. ती म्हणाली, ‘अगं रडू दे की दोन दिवस. आपोआप रुळंल. तू बी अशीच रडायचीस.’ मी म्हटलं, आई, मला ते दार अजून आठवतं. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘मी पलीकडं भिंतीशी उभी असायची गं. तुझं रडं थांबंपर्यंत.’ हे तिनं मला छत्तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

पुढचा आठवडा दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं असा गेला. मग सर्दी, ताप, आणि सहा दिवस घरी. किटात जायला लागलेल्या मुलाचा पहिला हिवाळा असाच जातो, हे सगळे सांगतात. परत गेलो तेव्हा पुन्हा दहा मिनिटांवर. ३ ऑक्टोबरला जर्मन एकीकरणाची सुट्टी, पुन्हा एक दिवस गेला. शुक्रवारी ती जेमतेम एक तास माझ्याशिवाय राहिली.

आणि सोमवारी, ९ ऑक्टोबरला, माझा भाषेचा वर्ग सुरू झाला.

इथे येणाऱ्या परदेशी लोकांसाठी सरकारचा एकात्मता अभ्यासक्रम असतो: भाषेचे ६०० तास आणि देशाची ओळख करून देणारे १००. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणारा कामाचा परवाना, असल्यामुळे मला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागली नव्हती. तेव्हा ते सोयीचं वाटलं, पण दवाखान्यात, बसमध्ये, जिन्यात रोज त्याची किंमत मोजावी लागत होती. हा वर्ग मला हवाच होता. जागा सोडली तर पुढची तुकडी कधी, ते कुणी खात्रीनं सांगेना. मी हिशेब केला: सकाळचे चार तास. आता ती तासभर राहतेच आहे, एकदम चार तास केले तर दोन दिवस रडेल आणि मग राहील. आईचंच वाक्य मी माझं म्हणून वापरलं. बाईंनी विचारलं होतं, खात्री आहे का? मी हो म्हणाले.

ती रडली नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. सोमवारी मी साडेबारानंतर न्यायला गेले तेव्हा ती कपड्यांच्या खुंट्यांखाली, आपल्या बेडकाच्या चित्राखाली, जाकीट घालून बसली होती. बाई म्हणाल्या, सकाळपासून जाकीट काढू देत नाहीये. दोन दिवस तिनं तिथे पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नाही. बुधवारी कपडे ओले झाले, ती तर दोन वर्षांची व्हायच्या आधीपासून सांगत होती. घरी आली की मी स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत गेले तरी मागे यायची. रात्री दोनदा-तीनदा दचकून उठायची, माझ्या चेहऱ्यावर हात फिरवून बघायची आणि पुन्हा झोपायची. किटात ती एक शब्द बोलत नव्हती, मराठीही नाही. भिंतीवरचे अकरा शब्द तसेच होते. ‘नको’सुद्धा नाही.

शुक्रवारी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मी मनाची तयारी करून गेले होते की त्या म्हणतील, तुमची मुलगी इथे बसत नाही. त्यांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाल्या, आपण पहिल्या दिवसापासून सुरू करू. संपूर्ण. छोटी खुर्ची, तीन दिवस, सोमवारचा नियम, सगळं. आणि या वेळी आईऐवजी बाबा येऊ देत.

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. लेकीला रुळवणं हे आईचं काम, असं आतून कुठेतरी पक्कं बसलेलं होतं. त्यांनी समजावलं की बऱ्याच मुलांना एका पालकापासून दूर होणं दुसऱ्यापेक्षा सोपं जातं. चिऊ गेली तीन वर्षं दिवसभर माझ्याबरोबर होती. बाबा रोज सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, हे तिनं जन्मापासून पाहिलंय. तो गेला तरी परत येतो, हे तिला माहीत आहे. माझ्याबद्दल तिला ते अजून शिकायचं होतं.

नवऱ्यानं ऑफिसमधून दोन आठवडे रजा घेतली. वर्षाच्या रजांतून पुण्याला जायचं ठरलं होतं, ते पुढे ढकललं. त्याबद्दल तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, फक्त सोमवारी सकाळी तिचे गमबूट पुसून दाराशी ठेवले.

आमच्या वर्गात आम्ही बारा जणी होतो, सिरियाच्या, युक्रेनच्या, तुर्कस्तानच्या, एक ब्राझीलची. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जवळजवळ सगळ्यांचे फोन टेबलावर पडदा वर करून ठेवलेले असतात. कुणाचं मूल किटात, कुणाचं नुकतंच शाळेत. फोन थरथरला की सगळ्या आधी आपापला बघायच्या. शिकवणाऱ्या बाईंनी कधी हरकत घेतली नाही. क्रियापदांची रूपं घोकता घोकता मी त्या पडद्याकडे बघत असायचे.

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पावणेबाराला नवऱ्याचा मेसेज आला: ‘जेवतेय. आमटी म्हणतेय.’

संध्याकाळी त्यानं सगळं सांगितलं. तो शेजारच्या खोलीत बसला होता, दार किलकिलं होतं. त्या दिवशी जेवायला होतं ‘लिन्झन मिट श्पेत्झले’. हे या श्वाबेन भागाचं घरगुती जेवण. तपकिरी मसूर गाजर-कांद्यात शिजवतात, वरून व्हिनेगरचा आंबटपणा, आणि बरोबर श्पेत्झले म्हणजे अंड्या-मैद्याच्या हातानं पाडलेल्या मऊ शेवयांसारख्या गोळ्या. त्यावर सॉसेज असतं, ते चिऊला वाढत नाहीत. ताटली समोर आली तेव्हा ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग वास घेतला. मग सगळ्यांच्या हातात काटे असताना तिनं बोटं घातली, मसूर आणि श्पेत्झले कालवलं, आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, ‘आमटी.’

बाईंनी तिला काटा दिला नाही. दुसऱ्या मुलांपैकी एकजण काही बोलला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं की चिऊच्या घरी असं जेवतात. चिऊनं आणखी मागून घेतलं.

आम्ही कराडकडची माणसं. कराड-इस्लामपूरच्या रस्त्यावरच्या कुठल्याही धाब्यावर अख्खा मसूर आणि भाकरी मिळते. माझ्या माहेरी आठवड्यातून दोनदा मसुराची आमटी असायची आणि चिऊला आजीनं पहिलं वरण-भातानंतर जे भरवलं ते तेच होतं. मी इतके दिवस तिला डब्यात ब्रेड, चीज, काकडी देत होते, ती तिथल्यासारखी व्हावी म्हणून. मसूर तर त्यांच्याच स्वयंपाकघरात होता. पुढे कळलं की इथल्या श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराळ पठारावर मसुराची शेती जवळजवळ संपली होती, तिथलं जुनं बियाणंही हरवलं होतं. ते २००६मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणे-पेढीत सापडलं आणि शेतकऱ्यांनी ते पुन्हा लावलं. आता मी तोच मसूर विकत आणते. दाणा लहान असतो, फोडणी छान पेलतो.

त्यानंतर एकदम सगळं सोपं झालं असं नाही. पण जाकीट निघालं. खुंटीवर बेडकाखाली लटकायला लागलं. ‘नको’ परत आला, आणि तो आला याचा आम्हाला सगळ्यांनाच आनंद झाला. जर्मनचा पहिला शब्द घरी आणला तो ‘फेर्टिश’, म्हणजे झालं. भात संपला की ‘फेर्टिश’, आंघोळ संपली की ‘फेर्टिश’. मग वाक्यं आली: ‘आई, माझी म्युत्झं कुठाय?’ म्युत्झं म्हणजे टोपी. मला धास्ती वाटली की मराठी मागे पडेल. बाईंनी स्पष्ट सांगितलं, घरी तुमचीच भाषा बोला, तुमची मोडकी जर्मन तिला देऊ नका, तिला तुमच्याकडून पूर्ण भाषा मिळू द्या. तेव्हापासून रात्रीची गोष्ट मराठीतच. नवरा टोपीला टोपीच म्हणतो, तिला चुकीचं न ठरवता, नुसतं परत म्हणून.

१० नोव्हेंबरला किटातल्या मुलांची कंदील-मिरवणूक होती. सेंट मार्टिनचा सण ११ तारखेला, पण तो शनिवार होता म्हणून आदल्या दिवशी. घोड्यावरून जाणाऱ्या मार्टिननं थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, त्याची ही आठवण. मुलांनी आठवडाभर कागदाचे कंदील केले होते. पाच वाजता काळोख, हवेत धुकं, आणि काठीच्या टोकाला लटकलेले तीस-चाळीस कंदील रस्त्यानं गाणी म्हणत निघाले. त्या दिवशी आमची धनत्रयोदशी होती. चिऊनं तिच्या कंदिलाला खाली झिरमिळ्या चिकटवल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्याच कंदिलाला झिरमिळ्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, ती ऐकेचना, कागद कापून देईपर्यंत पाठ सोडली नाही. शेवटी मोठी गोड ब्रेत्झल, म्हणजे पीळ दिलेला पाव, दोघांत एक अशी वाटली. चिऊनं आपली मोडून शेजारच्या मुलीला दिली आणि मोठा तुकडा स्वतः ठेवला.

तो कंदील आम्ही घरी आणून खिडकीत लावला. आईला व्हिडिओवर दाखवला. घड्याळं बदलल्यामुळे आता साडेचार तासांचा फरक होता, तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी ती जागी होती. म्हणाली, आकाशकंदील पोरीनंच केला वाटतं.

डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुट्टीआधी, बाईंनी मला थांबवलं. भिंतीवरची शब्दांची यादी आता लागत नाही, म्हणून त्यांनी ती काढून चिऊच्या फाइलमध्ये लावायची ठरवली होती. त्याआधी मला दाखवली. कागदाचे कोपरे मऊ पडले होते. अकरा शब्द, काही माझ्या अक्षरात, काही त्यांच्या, खाडाखोडीसकट. तळाशी पेन्सिलनं लिहिलेला बारावा शब्द होता, तो मी दिलेला नव्हता. अर्थाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं: बाहेर जायचं असतं तेव्हा माझा हात धरून म्हणते.

मी तो मोठ्यानं वाचला. पहिलं अक्षर झेड होतं. ‘झोप’साठी चुकीचं ठरलेलं तेच झेड, त्स म्हणून उच्चारायचं. आमच्या ‘चल’मधला च जसा ओठांवर येतो, अगदी तसा.